तीनशे पंधराचं बोअर

रायफल आमच्या घरात आली त्याच्या आधी वर्षभर तिच्याबद्दल बोलणं चाललं होतं, आणि ते बोलणं माझ्याशी नव्हतं.

ते असायचं ह्यांचं आणि आक्कांचं. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नांदेडला मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. लग्न केलं नाही. सुटीला लातूरला आल्या की दोघं बहीणभाऊ पुढच्या खोलीत सतरंजीवर समोरासमोर बसायचे. सुरुवातीला वाक्यं असायची, मग नुसते शब्द, आणि शेवटी नुसत्या माना.

"चाप?"

"जड."

"मग?"

"घासून घेता येतो की."

मी चहा ठेवायची. कप उचलले जायचे, पण माझ्याकडे कुणी बघायचं नाही. तसं बघायचं कारणही नव्हतं. घरात चहा येतो तसा तो आला होता.

हे गेले त्याला आता बरेच महिने झाले. लिहायला बसले की आजारपण आठवावं, लग्नानंतरचे दिवस आठवावेत, मुलगी लहान होती तेव्हाचं काही आठवावं. तसं होत नाही. आधी आठवते ती सतरंजी, आणि त्या दोघांची मिटलेली एकेक पापणी. हवेत बोट रोखून दोघं एकाच वेळी डावा डोळा मिटायचे. नवऱ्याच्या एखाद्या मैत्रिणीचा मत्सर वाटला असता तर निदान शेजारणीला सांगता आला असता. सख्ख्या बहिणीचा मत्सर कुणाला सांगणार?

आमचं गाव मुखेडच्या बाजूला. सासरे फौजेत होते. निवृत्त होऊन आले तेव्हा रीतसर परवाना काढून एक बारा बोअरची बंदूक घेऊन आले. आपली माणसं बौद्ध झाली त्यालाही तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमच्या वस्तीत बंदूक आली ही गोष्ट गावाला पचायला जड गेली. कुणीतरी मोठ्या शेतकऱ्यानं पारावर विचारलं म्हणे, "तुमच्यात रे काय राखायचं हाय बंदुकीनं?" सासरे म्हणाले, "राखायचं काई न्हाई पाटील. नेम हाय, तेवढा राखून राहिलो." हे उत्तर आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं गेलं की मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच मला ते पाठ झालं.

तो नेम त्यांनी दोन्ही मुलांना सारखाच दिला. मुलगा, मुलगी असं केलं नाही. उलट मुलीचा हात जास्त स्थिर निघाला. कॉलेजात छात्रसेनेत दोघंही होते. बक्षिसं आक्कांची जास्त, आणि त्याचा अभिमान ह्यांनाच जास्त. "आक्काचा हात बघ," हे मला सांगायचे. मी बघायची. साधा हात होता. बांगडी नव्हती, एवढंच.

लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, तेव्हा ह्यांची नांदेडहून इकडे बदली झाली. कचेरी नवी म्हणजे काय, तर भाड्याची इमारत, दारं नसलेली कपाटं आणि उस्मानाबादहून ट्रकमधून आलेले फायलींचे गठ्ठे. मला इथल्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली. नव्या जिल्ह्याला सगळंच स्वतःचं हवं होतं. स्वतःचं क्रीडा मंडळ, स्वतःचं नाट्यगृह, तसा स्वतःचा रायफल क्लबही. एका हौशी अधिकाऱ्यानं तो काढला आणि हे पहिल्याच बैठकीला जाऊन बसले.

त्यात दुष्काळ पडला. शहराबाहेरचा एक जुना तलाव तळापर्यंत आटला. चिखल वाळला, त्याला भेगा पडल्या, आणि मग त्या भेगाही धुळीनं भरून गेल्या. क्लबानं परवानगी काढली. तलावाच्या पोटात एका टोकाला पोती टाकायची, दुसऱ्या टोकाला बांधाच्या उतारावर लक्ष्याचे कागद लावायचे. मधे चांगलं तीनशे मीटर मोकळं अंतर. अशी जागा एरवी जन्मात मिळाली नसती. लोक टँकरमागे पळत होते आणि हे कोरडा तलाव बघून हरखले होते. ह्यात त्यांचा दोष नव्हता. आमच्या घरी पाणी मीच भरत होते.

तोवर हे कॉलेजच्या पॉइंट बावीसच्या हलक्या रायफलीनं पन्नास मीटरवर मारायचे. आता त्यांना स्वतःची रायफल हवी होती, तीनशेवर नेणारी.

"पन्नासवर बंदूक मारती," आक्का म्हणाल्या. "तीनशेवर माणूस मारतो."

मी म्हटलं, "आक्का, नेम मारतो म्हणा. माणूस मारतो म्हटलं की वेगळा अर्थ होतो. शेजारी ऐकतील."

"घ्या, व्याकरण आलं!" आक्का हसल्या. "मास्तरीणबाई, तुम्ही शाळेतले पेपर तपासा. आमचे कागद आम्ही तपासतो."

हेही हसले. ते हसले नसते तर मी आक्कांचं बोलणं विसरले असते.

परवडणारी रायफल निवडायची म्हणजे फार वाटा नव्हत्या. परदेशी नवी रायफल मागवायची परवानगी नावाजलेल्या खेळाडूंना मिळायची, आणि ती मिळाली तरी कारकुनाच्या पगारात बसणारी नव्हती. इथल्या कारखान्यातली पॉइंट बावीस स्वस्त, काडतुसंही स्वस्त, पण तीनशे मीटरवर तिची गोळी वारा नेईल तिकडे जाणार. हैदराबादेकडच्या जुन्या घराण्यांतून उंची विलायती रायफली विकायला निघाल्या होत्या. त्या घेताना स्वस्त पडायच्या आणि पुढे त्यांची काडतुसं शोधण्यात आयुष्य जायचं. राहिली ती इथल्याच कारखान्याची तीनशे पंधरा बोअरची. दणकट, जड, दिसायला ओबडधोबड, खांद्याला लाथ मारणारी. पण काडतुसं मिळतात आणि गोळी तिथवर जाते. सगळं फिरून बोलणं तिच्याशीच येऊन थांबायचं. मग नवी घ्यावी की वापरलेली, ह्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हे सगळं मला कसं कळलं? मी वाचलं. ग्रंथालयात रायफलीच्या नेमबाजीवरचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. कुठल्यातरी बंद पडलेल्या क्लबाचा शिक्का त्यावर होता. कुणी ते कधी नेलं नसावं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. ते मी घरी आणलं आणि संध्याकाळी ह्यांना वाचून दाखवू लागले.

वाचून दाखवायचं कारण होतं. ह्यांना चाळिशी लागली होती. जवळचं दिसत नव्हतं. वर्तमानपत्र हात लांब करून धरायचे, मग हात पुरेनासा झाला तेव्हा ते माझ्याकडे सरकवायचे. "जरा वाच ग, तुझा उच्चार चांगला आहे," म्हणायचे. कचेरीतले लहान अक्षरांचे कागदही मीच वाचायची. चष्मा करायचं नाव काढलं की त्यांना काहीतरी काम आठवायचं. मी आग्रह धरला नाही. तो घरातला एक तासच असा होता, ज्यात आक्का नव्हत्या.

मी इंग्रजी वाक्य वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. वारा कसा ओळखायचा, श्वास कुठं थांबवायचा, दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, गालाला कसा बसला पाहिजे, नळीच्या आत बोट न घालता गंज कसा पाहायचा. एका प्रकरणात डोळ्यांबद्दल होतं. ज्यांना जवळचं अंधुक दिसतं त्यांनी उघड्या खाचेची रायफल घेऊ नये. खाच डोळ्याजवळ असते, ती पुसट होते, आणि तिच्यातून पुढची माशी नीट जुळवता येत नाही. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा. अशा माणसानं मागे छोटं भोक असलेली चकती बसवून घ्यावी. भोकातून बघितलं की डोळा आपोआप मधोमध येतो.

"पुढचं वाच," हे म्हणाले.

मी पुढचं वाचलं.

मग एका रविवारी नांदेडला आक्कांच्या घरी हे त्यांना सांगत होते, "असं आहे आक्का, नळी जुनी असली तरी चालते, तोंडाशी झिजलेली नको. गोळी सुटताना शेवटचं बोट तोंडाचंच लागतं." ते 'शेवटचं बोट' माझं होतं. इंग्रजीत वेगळंच काही होतं, मराठीत ते मी तसं केलं होतं. आक्का म्हणाल्या, "बापरे, किती अभ्यास केलाय ह्यानं!" मी शेंगा निवडत होते. हे एकदा माझ्याकडे बघतील असं वाटलं. त्यांनी शेंगदाणे उचलले.

मला रायफल नको होती. मला ती हातात धरायचीही नव्हती. मला इतकंच हवं होतं, की ह्यांनी कधीतरी माझ्याकडे वळून म्हणावं, "तुला काय वाटतं, कोणती घ्यावी?" साडी घेताना नवरे विचारतात, भांडं घेताना विचारतात. हे तर भाजीतलं मीठही विचारून घालायचे. फक्त हे एक विचारत नव्हते.

आमच्या गल्लीत फोन एकच होता, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे. कुणाचा निरोप आला की दुकानदाराच्या बायकोनं, सगळे त्यांना काकू म्हणायचे, तो घरोघर पोचवायचा. एका दुपारी मी शाळेतून येऊन हंडा उपडा करत होते. टँकर आला नव्हता. काकू पदर सावरत धावतच आल्या. मागे चारपाच बायका.

"अवं मास्तरीणबाई, पेढे काढा आधी! तुमच्या नणंदेचा फोन होता नांदेडून. म्हणल्या, सांगा त्याला, तीनशे पंधराचं बोअर पक्कं केलं!"

त्या दिवसांत लातुरात बोअर हा एकच शब्द होता. कुणाचं बोअर कोरडं गेलं, कुणाचं खडकात अडकलं, कुणाच्या यंत्राची पाती तुटली. तीनशे पंधरा म्हणजे तीनशे पंधरा फूट, ह्यात कुणाला शंका येणार?

"तीनशे पंधरा फूट?" एकजण म्हणाली. "लई खोल ग. पण लागलं ना!"

"आन काय सांगू," काकू म्हणाल्या, "जुनंच हाय म्हणल्या, पण नळी साफ हाय. आतून गंज न्हाई, काई न्हाई!"

"मंग पाणी गोड असणार."

"मागच्या अंगणातलं ते बंद पडलेलं का हो? मंग गल्लीलाबी मिळंल की!"

मला हसू यायला हवं होतं. आता येतं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच गेलं, की ठरलं. जुनी ठरली. आक्कांनी पाहिली, आक्कांनी नळीत डोकावलं, आक्कांनी शब्द दिला, आणि निरोप घरात यायच्या आधी सगळ्या गल्लीला कळला. मला विचारायचं राहिलं असं नव्हतं. ते कुणाच्या मनातच नव्हतं.

रायफल म्हणायची सोय नव्हती. भाड्याचं घर, घरमालक भित्रा. ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं की आणीपर्यंत बोलू नकोस. मी नुसती मान हलवली. काकूंनी स्वतःच्या दुकानातली साखर आणून माझ्या तळहातावर ठेवली, मग सगळ्यांच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायरीपासून कोपऱ्यापर्यंत घागरी. पितळी, स्टीलच्या, डालड्याचे डबे. "मोटर कधी बसवून राहिलात?" "आमचा नंबर आधी हं, साखर वाटली त्या वेळी मी होते." "घरात नळ काढून ठेवला का बाहेर?"

हे दात घासत बाहेर आले आणि परत आत गेले.

"अहो," मी म्हटलं, "तुमच्या आक्कांच्या बोअरला पाणी भरायला आलेत सगळे. तुम्ही सांगता का मी सांगू?"

मीच सांगितलं. सांगावंच लागलं.  मग काकूंनी कपाळाला हात लावला. "बया! पाण्याच्या दिवसांत बंदूक! आन मी साखर वाटली की!"

"बरं झालं," मागून एकजण म्हणाली, "टँकरवाला आला की रोखून धरा मास्तरीणबाई. वळणावरून पळतो मेला."

बायका हसत हसत घागरी उचलून गेल्या. पुढे कित्येक महिने टँकर आला की कुणीतरी ओरडायचं, "तीनशे पंधरा काढा हो!" घरमालकानंही ते ऐकलं. त्यानं दोन दिवस तोंड बारीक केलं आणि मग स्वतःच्या भावाला कौतुकानं सांगत सुटला.

त्या सकाळी हे अंगणात हसत होते. मी म्हटलं, "रविवारी नांदेडला मीही येते."

"तू? दुकानात? कंटाळशील ग."

"कंटाळले तर कंटाळले."

आम्ही एस.टी.नं गेलो. अहमदपूर, लोहा, दोन्हीकडे काळी उघडी रानं आणि रस्त्याच्या कडेनं डोक्यावर हंडे. हे खिडकीशी होते. मला म्हणाले, "आक्कानं पाहिली म्हणजे बघायला नको खरं तर." मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

बंदुकांचं दुकान जुन्या बाजारात होतं. दुकानदार म्हातारा, दखनी आणि मराठी मिसळून बोलणारा, पानानं रंगलेले ओठ. आक्का आधीच येऊन बसल्या होत्या. काउंटरवर मऊ कापडावर ती जुनी रायफल ठेवली होती. खरं सांगायचं तर सुंदर होती. कुणा जहागीरदाराच्या घरातली. कारखान्याचा दस्ता काढून अक्रोडाचा बसवलेला, त्यावर बोटांच्या जागी लाकूड गडद झालेलं. शेजारी तुलनेला म्हणून नवी ठेवली होती. ती तिच्यापुढे खुंटीसारखी दिसत होती.

आक्कांनी जुनी खांद्याला लावली. त्यांच्या गालाला ती अशी बसली की ती त्यांच्याचसाठी केली असावी. मग ह्यांच्या हातात दिली. ह्यांनीही लावली. रस्त्यापलीकडच्या एका पाटीवर रोखली, डोकं पुढे घेतलं, मग मागे. पुन्हा पुढे. पुन्हा मागे.

"काय?" आक्का म्हणाल्या.

"मस्त आहे."

"साहब, ऐसी चीज फिरसे न्हाई मिलती," दुकानदार म्हणाला. "बहेनजीनं बघितली तवाच मी बोललो, ही गेली."

मला ते डोकं पुढेमागे होणं ओळखीचं होतं. रोज संध्याकाळी वर्तमानपत्र हातात घेतल्यावर ते असंच व्हायचं, आणि मग वर्तमानपत्र माझ्याकडे यायचं.

"ह्यांना खाच दिसत नाहीये," मी म्हटलं.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा.

"चाळिशी लागलीये त्यांना. जवळचं दिसत नाही. ती खाच त्यांना पुसट दिसतेय, म्हणून माशी तिच्यात बसत नाही. ह्या रायफलीवर भोकाची चकती बसवता येणार नाही, लाकूड मधे येतं. नवीवर येईल."

आक्का ह्यांच्याकडे वळल्या. "खरं का रे?"

ह्यांनी रायफल खाली ठेवली. हळूच, दोन्ही हातांनी. "दिसतं की."

"किती माशा दिसतात?" आक्कांनी विचारलं.

"दोन," हे म्हणाले, आणि हसायला गेले. "दोन दिसतात. दोन्हींच्या मधे धरतो."

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी भावाच्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाच्या अंगाला हात लावून ताप बघतात. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मला ती नजर ओळखता आली, कारण ती माझी होती. वर्षभर मी चहाचे कप हातात घेऊन तशीच बघत होते.

मला आनंद झाला. तो झाकायला मी नव्या रायफलीकडे बघत राहिले.

"मग तूच सांग," हे माझ्याकडे वळून म्हणाले. आवाज कोरडा होता. दुकानात, परक्या माणसासमोर, बहिणीसमोर त्यांच्या डोळ्यातलं उणं मी काढून दाखवलं होतं. "सांग ना. कोणती घ्यावी?"

ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं आलं.

"नवी," मी म्हटलं. "आणि चकती."

नवीच घेतली. चकती हैदराबादच्या एका कारागिराकडून बसवून आणली. त्याला वेळ लागला, पण ती बसली. आक्कांनी दिलेला शब्द त्यांना परत घ्यावा लागला. दुकानदारानं तोंड वाकडं करून जुनी रायफल पुन्हा कापडात गुंडाळली. एस.टी. स्टँडवर आक्का आम्हाला पोचवायला आल्या. हे तिकिटं काढायला गेले तेव्हा त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "माझा भाऊ म्हातारा होऊन राहिला, हे मला तुझ्याकडून कळावं लागलं, मास्तरीणबाई."

"चाळिशीच आहे आक्का. म्हातारपण नाही."

"तेच ते." पदर खांद्यावर ओढत म्हणाल्या, "मला बोलला न्हाई तो."

  मला तरी कुठं बोलले होते? मी बघितलं होतं.

त्यानंतर ह्यांनी चष्मा केला. वर्तमानपत्र स्वतः वाचू लागले. संध्याकाळचा तो तास गेला. मीच घालवला म्हणायला हरकत नाही, पण त्याचं दुःख करावं असं मला तेव्हा वाटलं नाही. भोकाच्या चकतीतून ह्यांचा नेम चांगला लागू लागला. आक्का महिन्यातून एकदा नांदेडहून यायच्या आणि रविवारी दोघं कोरड्या तलावावर जायची. मी डबा द्यायची. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, कांदा. दुपारी दोघं धुळीनं माखून यायची, कानात कापूस तसाच. जेवताना बोलणं सुरू. वाक्यं, मग शब्द, मग माना.

मी तलावावर कधी गेले नाही. ह्यांनी बोलावलं नाही, आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. माझ्या मनात होतं, एकदा म्हणतील, "चल." त्यांच्या मनात कदाचित होतं, हिला आवड असती तर आली असती. अशी वर्षं जातात. पुढे पाऊस बरा झाला, तलावात पाणी साचलं आणि ती जागा गेली. मग हे स्पर्धांसाठी पुण्याकडे, मुंबईकडे जायचे, कधी नांदेडच्या क्लबात. बक्षिसं मिळाली, मोठी नाहीत. मी कधीच पाहिलं नाही. ज्या माणसाबरोबर मी सगळं आयुष्य काढलं, तो ज्या एका गोष्टीत सगळ्यांत जास्त तो होता, ती गोष्ट करताना मी त्याला पाहिलेलं नाही.

हे गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. भंतेजी आले, वंदना झाली. मग लोक बोलायला उठले. क्लबातला एक जुना सोबती बोलला, तोही आता काठी टेकत येतो. तीनशेवरच्या एका दिवसाचं त्यानं सांगितलं. वारा फिरला होता, सगळ्यांच्या गोळ्या डावीकडे गेल्या, एकट्या ह्यांच्या मधे. हे सांगताना तो आक्कांकडे बघत होता. आक्का मान हलवत होत्या, रडत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "वारा दोनदा फिरला होता. एकदा न्हाई." लोक आक्कांच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझ्याही फिरवले. पण आधी त्यांच्या.

मग रायफलीचा प्रश्न आला. परवानाधारक गेला की शस्त्र जमा करावं लागतं. ते झालं. पुढे तिचं काय करायचं ते वारसानं सांगायचं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू सांग." कचेरीतला माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगाल तसं." आक्का मुद्दाम नांदेडहून आल्या, राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "मी काई बोलणार न्हाई त्यात. तू सांग, काय करायचं."

आता सगळेच मला विचारतात.

"तुम्हाला हवी का?" मी म्हटलं.

"मला? हा खांदा बघ." त्यांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो छातीपर्यंत आला. "धक्का सोसायचा न्हाई आता. मारायची न्हाई तर कपाटात ठेवून काय करू?"

"मग नांदेडच्या क्लबाला देऊ. नियमात बसेल तसं."

"बरं," आक्का म्हणाल्या. वर्षभर चाललेलं ते बोलणं इतक्यात संपलं.

बाहेर ऊन होतं. पंखा फिरत होता. आक्का सुपारी कातरत होत्या. मी कितीतरी वेळ शब्द जुळवत होते, मला बोलायला नेहमीच वेळ लागतो. शेवटी विचारलं, "आक्का, ते झोपायचे कसे?"

आक्कांचा अडकित्ता थांबला. "अगं, ते मला काय विचारतीस? बायको तू!"

"तसं नव्हे. तलावावर. रायफल घेऊन. पुस्तकात आहे की पालथं झोपून मारतात. ते कसे झोपायचे?"

"तू पाहिलं न्हाईस?"

"नाही."

"एकदाबी?"

"नाही आक्का."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग अडकित्ता बाजूला ठेवला, चष्मा काढून माझ्या हातात दिला, आणि सतरंजीवर गुडघे टेकले. ह्या वयात, हाडं वाजत होती. मी "राहू द्या" म्हणणार होते, म्हटलं नाही. त्या पालथ्या झाल्या. डावं कोपर पुढे टेकवलं, उजवा पाय थोडा दुमडून वर ओढला, टाच जमिनीला चिकटवली. उजवा हात दुखत होता तरी हनुवटीखाली आणला. नसलेल्या दस्त्यावर गाल टेकवला. डावा डोळा मिटला.

"असा," त्या म्हणाल्या. "टाच मात्र अशी बाहेर. बापानं आम्हाला तशीच लावली होती, दोघांनाबी. पुस्तकात आत सांगतात. तो कधी बदलला न्हाई."

"आणि मग?"

"मग श्वास सोडायचा. सगळा न्हाई. अर्धा." त्यांनी सोडला आणि थांबल्या. पाठ हलायची थांबली. पंख्याच्या वाऱ्यानं पांढरे केस तेवढे हलत होते. हळूच, ओठ न हलवता म्हणाल्या, "लई वेळ असाच राहायचा. मी म्हणायची, सोड की रे आता. सोडायचा न्हाई."

ती पाठ त्यांची होती आणि ह्यांचीही होती. मानेखालची तीच खळगी, टाचेचा तोच कल. एकाच माणसानं एकाच रानात शिकवलेली दोन शरीरं, त्यांतलं एक गेलं आणि एक माझ्या समोर पडलं होतं. माझ्याकडे चाळीसएक वर्षांचा संसार आहे, फोटो आहेत, मुलगी आहे. हे नाही. हे ह्यांच्याकडून मला मिळणारच नव्हतं, हे होतं ते आक्कांकडेच. मला त्यांचा मत्सर वाटला, अगदी पहिल्यासारखा, आणि मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले, कारण तिथून टाच नीट दिसत होती.

"मास्तरीणबाई," आक्का म्हणाल्या, "कोपर दुखायला लागलं. उठू का?"

"थांबा जरा," मी म्हटलं.